उसाचे वजन आणि मोबाइलवरचा ओटीपी

श्रोतेहो, नमस्कार. ‘डिजिटल समावेशन’, म्हणजे संगणक-मोबाइलच्या सोयी सर्वांच्या हाती पोहोचणे, हा शब्द कानाला जड वाटतो, परंतु त्याचा नेमका अर्थ वारणा खोऱ्यातल्या एका जुन्या प्रयोगात सापडतो.

१९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत, वारणानगरच्या सहकारी संस्थांना मध्यवर्ती धरून, संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सरकारच्या साहाय्याने सुरू झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही त्या केंद्रांतून मिळावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात शेतकरी तेथे जात ते मुख्यतः स्वतःच्या उसाचा हिशेब पाहायला: ऊस किती टन भरला, खताची उचल किती झाली, बिल किती निघाले. याला कोणी अपयश म्हणेल. मी म्हणणार नाही. जो आकडा कळण्यासाठी कारखान्यापर्यंत खेटे घालावे लागत, तो गावातच छापून मिळू लागला, तर सभासदाला आपल्याच संस्थेत प्रश्न विचारताना हाताशी आधार राहतो. आणि सहकारी संस्थांवर उभ्या असलेल्या मुलखात गावाचा विकास अशा प्रश्नांपासूनच सुरू होतो.

पुढे संगणक जुने झाले आणि त्यांची देखभाल महाग पडू लागली. तेव्हा, २००६-०७च्या सुमारास, काही गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्याऐवजी साध्या मोबाइलचा वापर करून पाहिला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि आपल्या उसाचा हिशेब संदेशानेच मिळवायचा, इतकी ती सोपी व्यवस्था होती. यंत्र लहान झाले, पण केंद्रचालकाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, हा फरक मला संगणकाच्या आगमनाहूनही मोठा वाटतो.

आता १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, छायाचित्र काढून, स्वतः करायची आहे. ज्याला स्मार्टफोन हाताळता येतो, त्याच्यासाठी ही सोय आहे; ज्याला येत नाही, तो शेजारच्या मुलाला गाठतो, म्हणजे तलाठ्याऐवजी दुसऱ्या कोणाची तरी मनधरणी करतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष सुमारे ५७ टक्के, तर स्त्रिया केवळ ३३ टक्के होत्या. सातबारा बाईच्या नावावर असला, बँकेतले खातेही तिचेच असले, तरी त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल, तर व्यवहाराची किल्ली तिच्या हाती येत नाही. गावात किती मनोरे उभे राहिले आणि किती केंद्रे उघडली याची मोजदाद होतच असते. त्यासोबत ग्रामसभेत एकदा हेही विचारून पाहावे, की ज्या बायकांच्या नावावर जमीन आहे, त्यांचा ओटीपी येतो तरी कोणाच्या फोनवर?