हेडमास्तरांवर केस करता येते का?

मागे उभे आहेत ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. तर शाळेत लोकशाही म्हटलं की आपल्याला काय आठवतं, मॉनिटरची निवडणूक, चिठ्ठ्या, टाळ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. म्हणजे निवडला पोरांनी आणि राबतो सरांसाठी. फुकटचा शिपाई झाला हो तो!

मी कुठल्याही शाळेबद्दल एकच विचारतो, इथे मुलाला हेडमास्तरांची तक्रार करता येते का, आणि केली तर ऐकतं कोण? तेच हेडमास्तर ऐकणार असतील तर विषयच संपला.

यानुश कोर्चाक म्हणून एक मुलांचे डॉक्टर होते. 1912 पासून पोलंडमधल्या वॉर्सात ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवायचे, तिथे त्यांनी मुलांचं कोर्ट सुरू केलं. न्यायाधीश मुलंच, आणि केस कोणावरही करता यायची, मोठ्यांवरसुद्धा. कलमं वाचली तर गंमत वाटते, पहिली नव्व्याण्णव सगळी सोडून देण्याची नाहीतर माफीची, आश्रमातून काढायचं कलम थेट 1000 नंबरचं. आणि हे कोर्चाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा या कोर्टापुढे गेले, तेही स्वतःहून, एकदा पोराच्या कानाखाली वाजवली म्हणून, एकदा मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. नंतर त्यांनी जे लिहिलं ते मला फार पटतं, की मोठा माणूस मुलांवर अन्याय करत नाही तो माया आहे म्हणून नाही, तर मुलांच्या बाजूने एक व्यवस्था उभी आहे म्हणून. आपण मात्र उलटं सांगतो ना, आमचे सर फार प्रेमळ आहेत. असतील, पण सरांची बदली झाली की मग काय?

इंग्लंडमधली समरहिल शाळा, ए. एस. नील यांनी 1921 मध्ये काढलेली, तिथे शाळेच्या मीटिंगमध्ये लहानग्याचं मत एक आणि नीलचंही एकच. पण शिक्षक नेमायचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. अमेरिकेतली सडबरी व्हॅली शाळा, 1968 ची, त्याच्याही पुढे गेली, तिथे पुढच्या वर्षी कोण शिकवणार यावर दरवर्षी मुलंही मत देतात. मला विचाराल तर नीलची पद्धतही चालेल, फक्त कुठली गोष्ट मतदानाला नाही ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. सगळं तुमच्या हातात आहे म्हणायचं आणि निकाल आवडला नाही की फिरवायचा, हे पोरं एका फटक्यात ओळखतात, पुढच्या मीटिंगला गप्प बसतात, आणि मग आपणच म्हणतो मुलांना इंटरेस्ट नाही.

सुरुवात कशी करायची असं मघाशी मॅडमनी विचारलं. एखादाच विषय घ्या, मधल्या सुट्टीत मैदान कोणी कधी वापरायचं असला. मीटिंग मुलं चालवतील, तुम्ही मागे बसा, बोलायचं असेल तर हात वर करा आणि नंबर येईपर्यंत थांबा. पहिल्या दोन-तीन मीटिंगमध्ये नुसती भांडणं होतील, वेळ जाईल, सिलॅबस मागे पडतोय म्हणून स्टाफरूममध्ये कुरकुर होईल. आणि एखाद्या दिवशी मतदानात तुम्ही हराल. त्या दिवशीचा ठराव नोटीस बोर्डावर तुमच्याच सहीने लागू द्या.