तुर्भ्याची भट्टी, तारापूरची भट्टी

पडद्यावर दिसतोय तो मुंबईतल्या तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा घुमट. सायरस. कॅनडानं दिलेली ही संशोधन अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. भट्टीतल्या न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी आलं अमेरिकेतून. अट होती, वापर शांततेसाठीच करायचा. अट पाळली जाते का, हे बघायला आंतरराष्ट्रीय निरीक्षक मात्र नव्हते. १८ मे १९७४ला पोखरणला झालेल्या स्फोटातलं प्लुटोनियम इथलंच. सरकारनं त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटलं. म्हणजे कागदावर अट शाबूत!

सायरसची औष्णिक क्षमता ४० मेगावॉट. अशा भट्टीत मेगावॉटमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्लुटोनियम तयार होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बसाठी ८ किलो धरते. भट्टी पूर्ण क्षमतेनं चालली, तर दोनशे दिवसांचं काम.

पण नुसत्या वजनावर भागत नाही. इंधन लवकर बाहेर काढलं, तर त्यात बहुतांश प्लुटोनियम-२३९ असतं, बॉम्बवाल्यांना हवं तेच. जास्त दिवस ठेवलं की प्लुटोनियम-२४० वाढत जातं. ते आपणहून न्यूट्रॉन सोडतं, त्यामुळे स्फोट वेळेआधीच सुरू होऊन फुसका ठरू शकतो. बॉम्ब अशक्य होत नाही, अवघड होतो.

आता तारापूर. १९६९च्या या अमेरिकी बनावटीच्या भट्ट्यांत इंधन बदलायचं, तर भट्टी बंद करून झाकण उघडावं लागतं. चोरूनमारून उरकण्यातलं हे काम नव्हे. वर निरीक्षक, कॅमेरे, सीलं.

अणुप्रकल्प जोखणारे तज्ज्ञ हेच तपासतात: बॉम्बसाठी माल वळवायला वेळ किती, खर्च किती, हाती काय लागेल, आणि पकडलं जाण्याची शक्यता किती. एखादी भट्टी 'प्रसाररोधक', म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारी, म्हणून विकली जाते, तेव्हा जरा सावध व्हावं. भट्टीचा मालक खुद्द देशच असेल, तर तिची रचना त्याला फार तर उशीर लावते. त्या उशिराचा उपयोग कुणी पाहत असेल तरच. वापरलेल्या इंधनातला माल वळवला, तर तीनेक महिन्यांत कळावं, असं अणुऊर्जा संस्थेचं उद्दिष्ट आहे. प्लुटोनियम वेगळं काढून ठेवलेलं असेल, तर मुदत महिन्याभराची. तुर्भ्यात ते वेगळं काढणारा कारखाना १९६४पासूनच होता.

भारत-अमेरिका अणुकरारानंतर दिलेल्या शब्दाप्रमाणे सायरस ३१ डिसेंबर २०१०ला बंद झाली. त्याच आवारातली १०० मेगावॉटची ध्रुव मात्र आंतरराष्ट्रीय तपासणीच्या बाहेरच राहिली.