वाटीनं मोजलेली मेथी

(अमळनेर इथे हृदयरुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता छातीत यांत्रिक झडप घेऊन फिरतोय. म्हणून गोळी किती घ्यायची ते मला विचारू नका, भाजी किती खायची ते विचारा.

लहानपणी माझा घसा सारखा सुजायचा, सांधे धरायचे. घरचे म्हणत, वाढीचं अंग आहे. तो संधिवाताचा ताप होता, हे चाळिशीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कळलं. तोवर हृदयातली मायट्रल नावाची झडप आकसून गेली होती. तिच्या जागी टीटीके चित्रा बसवली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली ही आपल्या देशातली झडप. माणसाच्या छातीत ती पहिल्यांदा बसली 1990 च्या डिसेंबरात. आत एक चकती असते, ती कलते आणि मिटते. आवाज येतो. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. गाव निजलं की टिक, टिक. नातवानं कान लावून विचारलं, "बाबा, तुनी छातीमा घड्याळ शे का?"

छातीचं हाड तारेनं शिवलेलं असतं, त्यामुळे तीन महिने साधी पाण्याची बादली उचलली नाही. ते दिवस निघून जातात. गोळी मात्र जन्माची. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती.

तुम्ही शेतकरी माणसं, म्हणून एक गोष्ट सांगतो. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातूनच पुढे वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध आलं. आधी उंदीर मारायला, मग माणसांसाठी! आपली गोळी त्याच कुळातली.

आता भरीत. शेजाऱ्यांनी सांगितलं, झडपवाल्यानं हिरवं खायचं नाही. मी मेथी, पोकळा, अंबाडी सगळं सोडलं. गोळीचं माप बसलं ते त्या बिनपाल्याच्या ताटावर. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2.8 यायचा, साध्या माणसाचा एकच्या आसपास असतो, माझा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. मग थंडी पडली. शेतात काड्यांवर हिरवी वांगी भाजली, वर मूठ-मूठ कांद्याची पात, कोथिंबीर. आठ दिवसांत पाच भरितं झाली. खानदेशी माणसाला यात गैर काय वाटणार? रिपोर्ट आला 1.7.

डॉक्टर रागावले, पण भरितावर नाही. म्हणाले, "मास्तर, पाल्यात व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलट ओढतं. खा, पण रोज सारखं खा. माप मी तुमच्या ताटाप्रमाणे बसवतो." त्या दिवसापासून बायकोनं स्टीलची एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढली. मेथी असो की पालक, तेवढीच. भरितात पात पडली की त्या दिवशी वाटी नाही. मे महिन्यात उलटं होतं. जेवण जात नाही, रक्त जास्तच पातळ होतं, हिरडीतून येतं. तेव्हा मी तपासणीची तारीख येईपर्यंत थांबत नाही.

कापूस वेचून कंबर धरली म्हणून मेडिकलवर जाऊन दुखण्याची गोळी घ्यायची नाही. मी घेतली होती. तिसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ॲडमिट व्हावं लागलं. दुकानदाराला बोल लावत नाही, झडपेचं मीच सांगितलं नव्हतं. दात काढण्याआधीही झडपेचं सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून थेट तिथे जाऊन बसू शकतात. घरातल्या लेकीसुनेला झडप असेल, तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांकडे न्या. यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. इथे लाजू नका.

आणि तो आवाज. एका रात्री बायकोनं मला उठवलं, "आज ऐकू येत नाही." आवाज दबला म्हणजे चकतीवर गुठळी असू शकते, हे तिनं दवाखान्यात ऐकून ठेवलं होतं. आम्ही रात्रीच गाडी काढली. निघालं काही नाही. मी कुशीवर पडलो होतो आणि वर जाड गोधडी होती. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या.

ही माझी वही. तारीख, आयएनआर, गोळी, आणि शेवटच्या रकान्यात काय खाल्लं. पुढच्या रांगेपासून फिरवा. फक्त परत द्या, गुरुवारी तपासणीला न्यायची आहे.