परतीची वाट

[दृश्य: चाचणी-कक्षाचं जाड धातूचं दार बंद होतं. आत अंधूक उजेड.]

आत शिरलं की आधी कानांना दडे बसल्यासारखं होतं. भिंतींवरून, छतावरून काळ्या फोमचे सुळके अंगावर येतात. आवाज आणि रेडिओलहरी दोन्ही गिळणारे. मधोमध टेबल, त्यावर वीतभर हिरवा बोर्ड, आणि बोर्डातून लोंबणारी सेन्सरची केबल. तीन मीटरवर अँटेना, बोर्डातून किती रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो ते मोजायला. टेबल सावकाश गोल फिरतंय, अँटेना खांबावर वर-खाली सरकतोय.

[दृश्य: बाहेरचा स्क्रीन. लाल मर्यादारेषा.]

30 ते 230 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात घरात वापरायच्या संगणक-मल्टिमीडिया प्रकारच्या उपकरणाने तीन मीटरवर किती गोंगाट करावा? सिस्पर 32 (CISPR 32) हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं: मीटरला 100 मायक्रोव्होल्ट, त्यापुढे नाही. आमचा आलेख सगळीकडे मुकाट रेघेखाली आहे. एकच सुळका रेघ ओलांडून उभा. 125 मेगाहर्ट्झ.

बोर्डावर 25 मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, म्हणजे चिप्सना ताल देणारा सिग्नल. त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीही त्यातून निघतात. पंचवीस पाचे सव्वाशे. चोर घरातलाच. पण तो बाहेर पडला कुठून?

[दृश्य: केबलवर मोजपट्टी धरलेली.]

केबल मोजली, 60 सेंटिमीटर. 125 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 2.4 मीटर, तिचा पाव हिस्सा बरोब्बर 60. म्हणजे सेन्सरची केबल म्हणून आम्ही उत्तम अँटेना जोडला होता. एवढ्या लांबीच्या वायरीतून 3 मायक्रोअँपिअरच्या आसपास नको तो करंट वाहिला तरी मर्यादा संपते. साधा एलईडी 10 मिलिअँपिअर खातो. त्याचा हा तीन हजारावा भाग.

[दृश्य: बोर्डाचा आडवा छेद, मोठा करून.]

आता बोर्डाच्या आत जाऊ. चार थर, एकूण जाडी 1.6 मिलिमीटर. वर सिग्नलचे ट्रॅक, त्यांच्याखाली जेमतेम 0.2 मिलिमीटरवर तांब्याचा सलग पत्रा, म्हणजे ग्राउंड. ट्रॅकमधून करंट जातो हे शाळेत शिकवतात. तो परतही येतो, हे लेआउट करताना विसरायला होतं. कमी फ्रिक्वेन्सीला तो पत्र्यावर ऐसपैस पसरून परततो. मेगाहर्ट्झमध्ये मात्र त्याला सगळ्यात कमी इंडक्टन्सची (बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाची) वाट हवी असते, आणि ती ट्रॅकच्या थेट पोटाखालून जाते. जाणारा आणि येणारा करंट असे एकमेकांना चिकटून वाहिले, की दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात.

हिशोब साधा आहे. 100 मिलिमीटरचा ट्रॅक, खाली 0.2 मिलिमीटरवर पत्रा: करंटच्या जाण्या-येण्याच्या वेढ्याचं क्षेत्रफळ 20 चौरस मिलिमीटर. स्वस्तात दोन थरांचा बोर्ड केला आणि ग्राउंडची पट्टी 30 मिलिमीटर बाजूने नेली, तर 3000. दीडशे पट. वेढ्याचं उत्सर्जन क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं, आणि फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्याही.

मग चार थर असूनही आम्ही नापास का?

[दृश्य: स्क्रीनवर फक्त दुसरा थर. पत्र्यात एक बारीक चीर.]

ही चीर बघा. एका बाजूला अ‍ॅनालॉग ग्राउंड, दुसरीकडे डिजिटल. 'वेगळे ठेवा' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आणि वरच्या थरातला क्लॉकचा ट्रॅक बिनधास्त ती चीर ओलांडतोय! ट्रॅकला पूल मिळाला, परतणाऱ्या करंटला नाही. तो चिरेच्या टोकापर्यंत वळसा घालतो, चिरेच्या दोन काठांमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि तेच व्होल्टेज केबलला ढकलतं. माझ्या मते बहुतेक बोर्डांना ही चीर लागतच नाही. पत्रा सलग ठेवा, अ‍ॅनालॉग भाग एका कोपऱ्यात बसवा आणि डिजिटल ट्रॅक तिकडे फिरकू देऊ नका.

[दृश्य: सोल्डरिंग गन, अगदी जवळून.]

खात्री करायला बोर्ड टेबलावर घेतला. ट्रॅकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी) चिकटवली. चिरेच्या दोन्ही काठांवरच्या ग्राउंड व्हियांवरचा (थर जोडणाऱ्या तांब्याच्या भोकांवरचा) हिरवा लेप ब्लेडने खरवडला, तांबं लखलखलं. त्यावर तांब्याची पट्टी आडवी टाकून दोन्ही टोकं सोल्डर केली. पुन्हा कक्षात. सुळका रेघेखाली.

केबलवर फेराइट, म्हणजे गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं, चढवूनही पास होता आलं असतं, लॅबमध्ये तासाचं मीटर पडत असताना सगळे तेच करतात. पण फेराइटचे पैसे प्रत्येक नगामागे जातात.

[दृश्य: लेआउटची फाइल उघडलेली.]

नव्या आवृत्तीत आतले दोन्ही थर ग्राउंडचे केले. सिग्नल वरून खाली जातो तिथे, त्याच्या व्हियाला खेटून ग्राउंडचा व्हिया, म्हणजे परतणाऱ्यालाही जिना मिळाला. क्लॉकच्या उगमाशी 33 ओहमचा रेझिस्टर टाकून त्याच्या कडा जरा बोथट केल्या. चीर पुसायला दोन क्लिक लागले. ती कुणी ओढली होती, ते फाइलच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे. नाव माझंच.