तापल्यावर बघा: छोट्या जुन्या डोझरच्या गिअरबॉक्सविषयी

श्रोतेहो, नमस्कार.

पेरण्या उरकल्या की माणदेशात डोझरचं काम थांबतं. रानात पीक उभं, यंत्र घालणार कुठं? मग आटपाडी, दिघंची, म्हसवडकडच्या वस्त्यांवर लिंबाखाली नाहीतर पत्र्याच्या शेडला लागून हे छोटे डोझर दसऱ्यापर्यंत उभे राहतात. कुणी वर ताडपत्री टाकतं, कुणाचं यंत्र तसंच भिजतं. दिवाळी झाली, ज्वारी निघाली, की सपाटीकरणाची, बांधाची, शेततळ्याची कामं एकदम अंगावर येतात. आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. "मिस्त्री, डोझर जोर धरत नाही. गिअरबॉक्स गेला."

मी गेली कित्येक वर्षं याच यंत्रांवर फिटरचं काम करतो. आज मला या "गिअरबॉक्स गेला" विषयीच बोलायचं आहे. कारण हे वाक्य ऐकून मी ज्या ज्या रानात गेलो, तिथं बऱ्याच वेळा गिअरबॉक्स गेलेलाच नव्हता. आणि एकदा तो विनाकारण खोलला, की पूर्वीसारखा बसवणं रानातल्या धुळीत फार अवघड जातं.

आपल्या भागात दिसणारी छोटी यंत्रं बहुतेक डी-५० घराण्यातली. कोमात्सू या जपानी कंपनीनं १९४७ साली डी-५० काढला आणि पुढं त्याच घराण्याची यंत्रं आपल्याकडे बीईएमएलनं बनवली. बीईएमएल म्हणजे १९६४ साली सुरू झालेली सरकारी कंपनी, तिचे डोझर कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात तयार होतात. कुठल्या तरी खात्यात, खाणीत, ठेकेदाराकडे हजारो तास चाललेलं यंत्र लिलावात निघतं, हात बदलत बदलत आपल्या वस्तीवर येतं. अवर मीटर बंद पडलेलं, मॅन्युअल हरवलेलं, गेल्या वेळी कुठलं तेल घातलं ते कुणालाच सांगता येत नाही. एखाद्या पोरानं कर्ज काढून, आईचे दागिने ठेवून ते घेतलेलं असतं. म्हणून या विषयाची मला मनापासून काळजी वाटते.

इंजिनातून निघालेला जोर चैनीपर्यंत पोचायला पाच उंबरे ओलांडतो. पहिला उंबरा मेन क्लचचा, आणि पॉवरशिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबानं गिअर पडणारं यंत्र असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा, जिथं इंजिनाचा जोर तेलातून पुढं जातो. मग गिअरबॉक्स. त्याच्या मागं बेव्हल गिअर, म्हणजे आपण ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतो ते, तिथं जोर काटकोनात वळतो. मग डावा आणि उजवा स्टिअरिंग क्लच, एकेका चैनीचा जोर जोडणारा-तोडणारा. शेवटी दोन्ही बाजूंच्या फायनल ड्राइव्ह, म्हणजे शेवटचे गिअर, त्यातून स्प्रॉकेट, म्हणजे चैन ओढणारं दातेरी चाक, आणि चैन. या पाचांपैकी कुठंही पाय अडखळला तरी बाहेरून दिसतं एकच: इंजिन ओरडतंय आणि डोझर जागचा हलत नाही.

तेव्हा आधी एवढंच बघा, की दोन्ही चैनी थांबतात की एकच? माती ढकलताना यंत्र एका अंगाला वळायला लागलं, डावी चैन मागं पडते आणि उजवी पुढं ओढते, तर तो गिअरबॉक्सचा दोष नाही. डाव्या बाजूचा स्टिअरिंग क्लच घसरतोय. गिअरबॉक्स दोन्ही बाजूंना एकाच तोंडानं जोर देतो, तो डावं-उजवं करत नाही. निदान एवढं ओळखता आलं तरी बरेच पैसे वाचतात.

एक प्रसंग सांगतो. एका वस्तीवर असाच डोझर होता, पॉवरशिफ्टचा. रिव्हर्सला दणकून ओढायचा, पुढं मात्र पातं मातीत टेकलं की थांबायचा. मालक तरुण, चेहरा उतरलेला. आधी येऊन गेलेल्या माणसानं सांगितलं होतं की पुढच्या क्लचच्या प्लेटा जळल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पोरानं खर्चाचा आकडा ऐकून दोन रात्री झोप घेतली नव्हती. मी तेल काढून बघितलं. रंग चांगला, जळका वास नाही. प्लेटा जळल्या असत्या तर तेलानं चुगली केलीच असती. मग मी सीटखालची पत्र्याची फळी उचलली आणि हेल्परला लिव्हर पुढं-मागं करायला सांगितलं. इंजिन बंद होतं. लिव्हरपासून कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या सळईच्या टोकाला एक पिन असते, करंगळीएवढी. ती झिजून निम्मी झाली होती आणि तिचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. वर लिव्हर पुढच्या खाचेत पूर्ण बसायची, पण खाली व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा दांडा, अर्ध्यातच थांबायचा. क्लचला तेलाचा पूर्ण दाब मिळतच नव्हता. भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडलं, लेथवर नवी पिन करून आणली, सळईची लांबी जुळवली. संध्याकाळी डोझरनं बांध सरळ उचलून टाकला. तो पोरगा पात्यावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा होता.

उशीर आणखी थोडा झाला असता, अर्ध्या दाबावर त्यानं आणखी महिनाभर काम रेटलं असतं, तर प्लेटा खरोखरच जळल्या असत्या.

आता तेलाचं बघू. पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. तेच दाब देतं, तेच प्लेटा आवळतं, तेच कन्व्हर्टर फिरवतं आणि तेच उष्णता वाहून नेतं. ते कुठल्या ग्रेडचं घालायचं हे त्या त्या यंत्राचं मॅन्युअल सांगतं. दुकानात मिळेल ते इंजिन ऑईल ओतू नका. काही इंजिन तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, इंजिनाला ती चांगली, पण ओल्या, म्हणजे तेलात बुडून चालणाऱ्या क्लचला मारक, प्लेटा पकडच घेत नाहीत. आणि "गिअरबॉक्स आहे म्हणजे नव्वद नंबर" हा समज तर फार महागात पडतो. ते जाड गिअर ऑईल दात्यांसाठी आहे. त्यातली काही द्रव्यं ब्राँझच्या प्लेटा आणि बुश खातात. जुन्या डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे कन्व्हर्टर नसलेल्या गिअरबॉक्समध्येसुद्धा आत ओला क्लच जोडलेला आहे का, हे बघितल्याशिवाय ते घालू नये.

पातळी बघायची तर काही यंत्रांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून. डिपस्टिकजवळ बहुधा पट्टी असते, तिच्यावरची धूळ पुसून वाचा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तरी गिअर ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब नसतो. दोन्हीकडं डोझर घसरतो.

तेल बदलायच्या वेळी ते सरळ खड्ड्यात सोडून देऊ नका. पांढऱ्या पत्र्याच्या डब्यात थोडं घ्या, उन्हात धरा, बोटावर चोळा, वास घ्या. चहात दूध टाकल्यासारखा रंग म्हणजे पाणी शिरलं. मग रेडिएटरचं झाकण यंत्र थंड असताना उघडून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ऑईल कूलर फुटलाय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज. पण सुईसारखे, चमकणारे पोलादी तुकडे निघाले तर बेअरिंग नाहीतर दात तुटतोय, त्या दिवशी यंत्र तिथंच थांबवा. पिवळसर चमक ब्राँझची. काळे कागदासारखे पापुद्रे क्लचच्या अस्तराचे. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी भुकटी ॲल्युमिनियमची, ती बहुधा कन्व्हर्टरकडून येते. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. फिल्टर साधारण ५०० तासांनी आणि तेल १,००० तासांनी, असं बऱ्याच यंत्रांचं गणित असतं. आपल्याकडच्या धुळीत मी ते आणखी लवकर बदलतो.

पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, स्ट्रेनर. फिल्टर बदलणारे पुष्कळ भेटतात, जाळी काढून धुणारा क्वचित. मी उमेदवारी करत होतो तेव्हा एका डोझरचा गिअरबॉक्स आम्ही आख्खा उतरवला. चार दिवस गेले. आत सगळं ठणठणीत. आणि शेवटी ती जाळी हातात आली, चिंध्यांचे धागे आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे यांनी पूर्ण बुजलेली. डिझेलमध्ये धुऊन काढली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. मालकाचे चार दिवस आणि पैसे आमच्यामुळं गेले, ते मला आजही सलतं. तेव्हापासून जाळी आधी, मग बाकीचं.

एक मोठी खूण म्हणजे उष्णता. सकाळी दोन तास झकास चालतो आणि दुपारी घसरतो, असं असेल तर आतली सील, क्लच आवळणाऱ्या पिस्टनच्या रिंगा नाहीतर पंप झिजलाय. गार तेल जाड असतं, फटीतून कमी गळतं. तापून पातळ झालं की दाब टिकत नाही. म्हणूनच सेकंडहँड डोझर विकणारा तुम्हाला तो गार असताना दाखवतो. तुम्ही घाई करू नका. तासभर मातीत चालवायला लावा, चढावर घाला, आणि तापल्यावर बघा. गिअर टाकल्यापासून चैन हलेपर्यंत किती वेळ जातो ते मनात मोजा, पुढंही आणि मागंही.

खोलण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे दाब मोजणं. गिअरबॉक्सला त्यासाठी प्लग दिलेले असतात, तिथं गेज लावायचा आणि तेल तापवून प्रत्येक गिअरला वाचायचं. सगळीकडं दाब कमी, तर पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप. एकाच दिशेला कमी, तर त्या क्लचची सील. पातं भक्कम दरडीला लावून, दोन्ही ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलेटर देऊन स्टॉल टेस्टही करतात. ती वीस सेकंदांच्या वर नेऊ नका, आणि समोर-मागं एकही माणूस उभा करू नका. हे काम जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावं.

आणि एवढं सगळं करून उतरवावाच लागला, तर पातं जमिनीवर टेकवा, बॅटरी सोडा, चैनपुली आणि लाकडी स्लीपर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. काही शे किलोचं ओझं आहे, ते बोट बघत नाही. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी गिअरबॉक्सच्याच तेलात चांगल्या भिजवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. जुन्या स्टील प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का बघा. प्रत्येक क्लच जोडून झाला की तेलाच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्या. पिस्टन "धप्" करून बसला पाहिजे आणि हवेची शीळ ऐकू येता कामा नये. बेव्हल गिअर जुळवताना पिनियनच्या दातांना शेंदूर लावून फिरवतात. क्राऊनच्या दातावर ठसा कुठं उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या मध्याजवळ आला पाहिजे, काठाला आला तर शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, बदला. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलं तेव्हा वर्कशॉपमधल्या मारुतीसमोरच्या वाटीतलाच शेंदूर घेतला होता.

आता पावसाळ्याच्या या दिवसांतलं काम. यंत्र उभं आहे, तर फळ्यांवर उभं करा, चैनीतला चिखल धुऊन काढा. जुन्या यंत्रांत गिअर लिव्हरच्या बुडाला रबरी टोपी असते, ती फाटली की पावसाचं पाणी लिव्हरवरून ओघळत थेट गिअरबॉक्समध्ये उतरतं. ती बदला, नाहीतर निदान ट्यूबचा तुकडा घट्ट बांधा. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सचं हवेचं भोक, झाका, पण बुजवू नका. स्टिअरिंग क्लच कोरडे असतील तर दोन्ही लिव्हर मागं ओढून बांधून ठेवा, म्हणजे प्लेटा सुट्या राहतात, गंजून एकमेकींना चिकटत नाहीत. पंधरा दिवसांनी ते सोडून यंत्र चालू करा, तेल तापेपर्यंत चालू द्या, चार हात पुढं, चार हात मागं, दोन्हीकडं वळवा. बंद पडलेला पॉवरशिफ्ट डोझर मात्र दुसऱ्या यंत्रानं लांबवर ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे आतले दाते कोरडे फिरतात.

दसऱ्याला पूजा करून लगेच स्टार्टर मारायची घाई होते. त्याआधी, रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राचा ड्रेन प्लग पहाटे हलकेच सैल करा आणि खाली वाटी धरा. पाणी तेलापेक्षा जड असतं, ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाण्याचे थेंब आले तर यंत्र चालू करू नका, तेल सगळं काढा. आणि पहिल्याच थेंबाला स्वच्छ तेल आलं, तर प्लग आवळा आणि हार घाला.

नमस्कार.