सावकाश झिरपणारी लस

(दृश्य: सिरिंज, अगदी जवळून)

हे जेल बघा. सिरिंज उलटी धरली तरी जागचं हलत नाही. आता दट्ट्यावर अंगठा पडला, आणि बारीक सुईतून ते सरसर बाहेर येतंय. दाब गेला, की काही क्षणांत पुन्हा घट्ट.

या घट्टपणाची गरज का पडली? साधी प्रथिनांची लस टोचली, तर तिच्यातला अँटिजेन, म्हणजे प्रतिकारशक्ती जे ओळखायला शिकते ते प्रथिन, एक-दोन दिवसांत ओसरतो. खरा संसर्ग मात्र आठवडा-दोन आठवडे शरीरात मुक्काम ठोकतो, आणि प्रतिकारशक्तीला नेमका हाच वेळ हवा असतो.

(दृश्य: लसिका ग्रंथीचं अॅनिमेशन)

लसिका ग्रंथींमध्ये बी पेशींची, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची, तालीम चालते. त्या आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल करत राहतात. अँटिजेनवर ज्यांची पकड पक्की, त्या तगतात, बाकीच्या मरतात. मग पुढची फेरी. शरीरातली ही निवड मला थक्क करते. पण समोरचा अँटिजेनच संपला, तर ती अर्ध्यावर राहते.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना एकच लस 12 दिवसांत विभागून, वाढत्या मात्रेनं टोचली. ही निवड सहा महिन्यांहून जास्त काळ चालू राहिली! पण दर दोन दिवसांनी सुई कोण टोचून घेणार?

म्हणून जेल: लस त्यात मिसळून एकदाच टोचायची, मग ती सावकाश झिरपत राहते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक अ‍ॅपल यांच्या गटानं ते दोनच घटकांतून घडवलं. एक सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखा रेणू. त्याचे भाऊबंद डोळ्यांच्या थेंबांतही असतात. दुसरे पॉलिमरचेच नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण. दोघं एकमेकांना सैलसर धरतात, दाबाखाली सुटतात, पुन्हा जुळतात. जाळी इतकी बारीक, की मोठा अँटिजेन आणि लसीचा परिणाम वाढवणारा अ‍ॅडज्युव्हंट बरोबरीनंच झिरपतात. हे फार मोलाचं आहे, कारण एक आधी संपून दुसरा मागे उरला तर उपयोग नाही.

त्यांच्या 2020 च्या अभ्यासात उंदरांमधल्या प्रतिपिंडांची अँटिजेनवरची पकड साध्या इंजेक्शनच्या तुलनेत हजार पटींहून अधिक वाढली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. शिवाय आणखी एक कठीण प्रश्न आहे. बऱ्याचशा लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये जपाव्या लागतात. जेलमधल्या अँटिजेनला मात्र 37 अंशांच्या उबेत, आपला आकार न बिघडवता, कित्येक दिवस तग धरायचा आहे.