धुराची वाट आधी, फर्नेस नंतर

नमस्कार, श्रोतेहो.

घरात गॅसची फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घरभर गरम हवा पुरवणारं यंत्र, बसवायची ठरली की चर्चा होते ती कोणत्या कंपनीची घ्यायची, केवढी घ्यायची, गॅस किती वाचेल याची. सुरक्षिततेचा विषय निघालाच, तर प्रश्न एकच येतो: गॅस गळणार तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण तिथेच थांबलं तर मोठा धोका नजरेआड राहतो. गळणाऱ्या गॅसला वास असतो, तो नाकाला कळतो. गॅस जळल्यावर जे वायू उरतात, त्यांत सर्वांत घातक असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. म्हणून फर्नेस बसवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हिला हवा कुठून मिळणार, आणि हिचा धूर कुठून बाहेर जाणार? उत्तर त्याने जागेवर उभं राहून, बोट दाखवून दिलं पाहिजे.

नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनमीटर गॅस पुरता जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते. हवा पुरेशी असली की ज्योत निळी आणि स्थिर राहते, आणि मागे उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. फ्लूसारखं वाटतं, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांनाच एकदम असं होऊ लागलं आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर आधी संशय फर्नेसवर घ्या.

आता हवेचं पाहू. फर्नेस पुष्कळदा तळघरात किंवा एखाद्या छोट्या खोलीत बसवतात. ती खोलीतलीच हवा घेऊन जळणार असेल, तर त्या जागेत तेवढी हवा आहे का, याचा हिशेब करावा लागतो. या धंद्यात एक जुना नियम सर्रास वापरला जातो: दर किलोवॅटमागे सुमारे ४.८ घनमीटर जागा. २० किलोवॅटची फर्नेस आणि त्याच खोलीत १० किलोवॅटचा गॅसचा वॉटर हीटर असेल, तर १४४ घनमीटर जागा लागते. छत २.४ मीटर उंच धरलं तर ही ६० चौरस मीटरची मोकळी जागा झाली. कोपऱ्यातल्या कपाटवजा खोलीत एवढी जागा कुठून येणार? मग बाहेरून हवा आणणाऱ्या जाळ्या किंवा नळ्या द्याव्याच लागतात. त्या जाळ्या नंतर कोणी गारठा येतो म्हणून चिंध्या कोंबून बंद करू नयेत, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं पाहिजे. शिवाय तो नियम जुन्या, फटी असलेल्या घरांचा. खिडक्या-दारं नव्याने घट्ट बसवलेल्या घरात तेवढी जागासुद्धा पुरेलच असं नाही. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट पंखा आणि कपडे वाळवायचं मशीन एकदम चालू झालं की ते घरातली हवा बाहेर ओढतात. ती भरून काढायला हवा सापडेल तिथून आत येते, चिमणीतूनसुद्धा. म्हणजे जो धूर वर जायचा, तो खाली खोलीत येतो.

म्हणून नवीन फर्नेस घेणाऱ्याला माझा सल्ला असतो की जमेल तिथे बंद पद्धतीची घ्या. तिच्यात एक नळी जळणासाठीची हवा थेट बाहेरून आणते आणि दुसरी धूर थेट बाहेर नेते. घरातल्या हवेशी तिच्या ज्योतीचा संबंधच राहत नाही.

त्याच खोलीत ब्लीचच्या बाटल्या, रंगाचे डबे, पेट्रोलचा कॅन ठेवायचा नाही. पेट्रोलचं कारण सांगायला नको. पण ब्लीचची क्लोरीनयुक्त वाफ ज्योतीतून गेली की तिचं आम्ल होतं आणि ते फर्नेसचा आतला धातू खात जातं.

धुराच्या नळीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच जास्त होतात. फर्नेस दोन जातींच्या. साध्या फर्नेसचा धूर खूप गरम असतो, त्यासाठी धातूचीच नळी लागते. चिमणीपर्यंतच्या आडव्या भागात ती फर्नेसपासून चढत जायला हवी, मीटरमागे निदान २ सेंटिमीटर. प्रत्येक सांध्याला स्क्रू असले पाहिजेत, नळीला आधार असला पाहिजे, आणि लाकूड किंवा इतर जळाऊ वस्तूपासून कंपनीने सांगितलेलं अंतर सुटलं पाहिजे. दुसरी जात कंडेन्सिंग फर्नेसची, जिची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर असते. ती धुरातली उष्णता इतकी शोषून घेते की धुरातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. हे पाणी थोडं नसतं. तासाला २ घनमीटर गॅस जळला तर धुरात ३ लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि त्यातला बराच भाग फर्नेसमध्येच जमतो. या फर्नेसचा धूर कोमट असल्यामुळे तिला कंपनीने मान्य केलेली प्लॅस्टिकची नळी चालते. पण तिचा ढाळ फर्नेसकडे हवा, म्हणजे नळीत जमलेलं पाणी परत येऊन निचऱ्यात जाईल. मध्येच नळीला झोळ आला की तिथे पाणी साचतं, धुराची वाट अडते आणि फर्नेस बंद पडते. हे पाणी आम्लधर्मी असतं. सिमेंट आणि लोखंडी पाइप ते कुरतडतं, म्हणून ते चुनखडीच्या खड्यांतून गाळून सोडणं चांगलं. निचऱ्याची नळी थंडीत गोठेल अशा जागेतून न्यायची नाही.

नळीचं बाहेरचं तोंड कुठे निघतं, तेही पाहा. उघडणाऱ्या खिडकीच्या शेजारी नको, शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात नको. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात साचणाऱ्या बर्फाच्या वर ते राहिलं पाहिजे, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर बाहेर जाऊन तोंड मोकळं आहे ना, हे डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

आता एक गोष्ट अशी, की जी अनुभवी माणसांच्याही ध्यानातून निसटते. जुनी फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर यांचा धूर एकाच चिमणीत जात होता. तुम्ही नवी कंडेन्सिंग फर्नेस घेतली, तिची प्लॅस्टिकची नळी भिंतीतून बाहेर काढली. सगळं छान झालं. पण त्या मोठ्या चिमणीत आता वॉटर हीटर एकटाच उरला. त्याचा थोडासा धूर एवढी रुंद, गार चिमणी तापवू शकत नाही. धूर वर चढत नाही. चिमणीच्या आतच त्याचं पाणी होतं, विटा आणि त्यांच्यामधले सांधे खराब होतात, किंवा धूर उलटा घरात पसरतो. नव्या फर्नेसमध्ये काडीचाही दोष नसतो, आणि तरीही घरात विषारी वायू शिरतो. उपाय आहे: चिमणीत योग्य मापाची धातूची आतली नळी सोडायची, किंवा वॉटर हीटरही बंद पद्धतीचा घ्यायचा. हे काम फर्नेसच्या कामातच धरायचं, पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

धूर खरंच वर ओढला जातो का, ते पाहण्याची चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. घराच्या खिडक्या-दारं बंद करायची. स्वयंपाकघरातला पंखा, न्हाणीघरातले पंखे, कपडे वाळवायचं मशीन, फर्नेसचा ब्लोअर (गरम हवा घरभर ढकलणारा पंखा), सगळं एकदम चालू करायचं. मग वॉटर हीटर पेटवून पाचेक मिनिटं थांबायचं आणि त्याच्या माथ्यावर जिथे टोपीसारखी उघडी जागा असते, तिथे धुराची काडी किंवा पेटती उदबत्ती धरायची. धुराची रेघ आत, टोपीखाली ओढली गेली तर ठीक. ती बाहेर, तुमच्या चेहऱ्याकडे वळली, तर हीटर तिथल्या तिथे बंद करायचा. अर्थात कुठेही गॅसचा वास नाही याची खात्री झाल्यावरच ही काडी पेटवायची.

ब्लोअरचा उल्लेख केला, त्याचं कारण आहे. घरातली गार हवा फर्नेसकडे परत आणणारी मोठी डक्ट फर्नेसच्या खोलीत फाटकी असेल, तर ब्लोअर त्या खोलीतूनच हवा खेचतो आणि शेजारच्या हीटरचा धूरही सोबत खेचतो. डक्टचे सांधे तिथे नीट बंद हवेत, फिल्टरचं झाकण बसलेलं हवं. त्या खोलीत परतीच्या हवेची जाळी मुळीच नको.

गॅसच्या पाइपाबद्दल. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. स्वतः पान्हा हातात घेऊ नका. मात्र काय पाहायचं ते माहीत असू द्या. फर्नेसजवळ, हात पोहोचेल असा बंद करायचा कॉक हवा. पाइप फर्नेसमध्ये वळण्याआधी खाली सोडलेला एक आंधळा तुकडा हवा, ज्यात पाइपातला कचरा आणि गंज पडून राहतो. नाही तर तो थेट गॅसच्या झडपेत जातो. आट्यांना गॅससाठी बनवलेलाच मसाला किंवा टेप लावायचा. नवी लाइन आधी हवेच्या दाबाने तपासतात, त्या वेळी फर्नेसची झडप लाइनपासून वेगळी करून ठेवावी लागते, कारण तो दाब तिला झेपत नाही. गॅस सोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा. घाईने ब्रश फिरवून पुढे जायचं नाही. बारीक गळती असली तर फेसात मोहरीएवढे बुडबुडे एका जागी गोळा होत जातात, आणि ते दिसायला अर्धं-एक मिनिट नजर ठेवावी लागते. पाइपाच्या मागची बाजूही आरसा धरून पाहायची.

गॅसला जो वास आहे, तो त्याचा स्वतःचा नाही, मिसळलेला आहे. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेच्या इमारतीखाली वास नसलेला गॅस साचत गेला, कोणाला कळलं नाही, आणि स्फोटात सुमारे ३०० विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. त्यानंतर गॅसमध्ये वासाचं द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. ती मुलं गेली, तेव्हा आपल्या नाकाला ही सूचना मिळू लागली. म्हणून गॅसचा वास आला की तो सवयीचा म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्याकडे नैसर्गिक गॅस आहे की टाकीत भरून येणारा प्रोपेन, हे फर्नेस घेतानाच सांगा. प्रोपेनचा दाब वेगळा, बर्नरच्या तोटीचं भोक वेगळं. एकासाठीची फर्नेस दुसऱ्यावर चालवायची तर कंपनीचा संच वापरून ती बदलून घ्यावी लागते. गळालेला नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो; प्रोपेन जड, तो तळघरात जमिनीलगत साचतो.

केवढी फर्नेस घ्यायची, तर घराच्या भिंती, खिडक्या आणि हवामान यांचा हिशेब करून. जुनीवरचा आकडा पाहून नाही. जास्त मोठी फर्नेस सारखी चालू-बंद होत राहते आणि लवकर झिजते. विजेसाठी स्वतंत्र सर्किट, जवळ स्विच आणि पक्कं अर्थिंग. अर्थिंग कच्चं असेल तर ज्योत ओळखणारा सेन्सरसुद्धा फसतो.

फर्नेस पेटली, घर गरम झालं, आणि फिटर सामान आवरू लागला, की त्याला थांबवा. मोजमाप अजून बाकी आहे. गॅसचा दाब मॅनोमीटर लावून मोजायचा. फर्नेसमध्ये जाणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानातला फरक मोजायचा आणि तो फर्नेसच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेत आहे का, ते पाहायचं. फरक जास्त आला तर हवा कमी फिरते आहे आणि आतला धातू अति तापतो आहे. असाच तापत राहिला तर पुढे त्याला तडा जातो. धुराच्या नळीत धूर तपासणाऱ्या यंत्राची काडी घालून कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. हे यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याला हे काम देऊ नये असं माझं ठाम मत आहे. सगळे आकडे तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद फर्नेसलाच चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी तपासणीला येणाऱ्याला तुलना करायला ते लागतील. स्थानिक परवाना आणि सरकारी तपासणी टाळू नका, कारण कामाशी पैशाचा संबंध नसलेली दुसरी नजर त्यावर पडते.

फर्नेसमध्ये काही सुरक्षा-स्विच असतात. ज्योत बाहेर उसळली तर बंद करणारा, अति तापली तर बंद करणारा, धुराची वाट अडली तर पेटूच न देणारा. यांतला एखादा पुन्हा पुन्हा फर्नेस बंद पाडत असेल, तर कारण शोधायचं. तार जोडून स्विच टाळणारा माणूस दिसला, तर काम तिथेच थांबवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. त्याच्या मागे छापलेली मुदत पाहा. ती संपली की अलार्म बदलायचा. अमेरिकी मानकाप्रमाणे तो ७० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असताना) १ ते ४ तासांनी वाजतो आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला, तेव्हा वायू घरात काही वेळ आहेच. खिडक्या उघडत बसू नका, कारण शोधू नका. सगळ्यांना उठवून बाहेर काढा, माणसं मोजा, आणि आपत्कालीन सेवेला फोन बाहेर जाऊन करा. गॅसचा वास आला तरीही हेच करायचं, आणि तेव्हा दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. आपत्कालीन सेवेच्या माणसांनी आत जायला सांगेपर्यंत कोणीही परत आत जायचं नाही, विसरलेला कोट आणायलासुद्धा नाही.